झाडपाल्याला औषध म्हणायचं, तर औषधाच्या अटी लावा

"डॉक्टर, स्टेरॉइड नको. काहीतरी झाडपाल्याचं सांगा." ल्युपस, आमवात, सोरायसिस, अल्सरेटिव्ह कोलायटिस अशा ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा शरीरावरच उलटणाऱ्या, आजारांपैकी कशाच्याही रुग्णाने हे वाक्य एकदा तरी उच्चारलेलं असतं, किंवा ओठांवर आलेलं गिळलेलं असतं. गंमत अशी, की स्टेरॉइड सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलं तेच मुळी एका रानकंदामुळे.

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जायबंदी झालेल्या एका बाईंना कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांतच त्या चालू-फिरू लागल्या. दोन वर्षांत हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोबेल मिळालं. पण ते कॉर्टिझोन जनावरांच्या पित्तातल्या आम्लापासून, तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या चढून बनवावं लागे. मागणीच्या मानाने हाती यायचं ते चिमूटभर. दरम्यान रसेल मार्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोच्या जंगलात वाढणाऱ्या डायोस्कोरिया जातीच्या कंदातून डायोस्जेनिन काढून त्याचं प्रोजेस्टेरॉन करायची युक्ती शोधली होती. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीतल्या पीटरसन आणि मरे यांनी रायझोपस बुरशीला कामाला लावून त्या प्रोजेस्टेरॉनपासून कॉर्टिझोनकडे जाणारी सोपी वाट काढली. जे औषध 'केमिकल' म्हणून आपण झिडकारतो, त्याची अर्धी वंशावळ कंदमुळांत आहे.

हे आधी सांगितलं, कारण या विषयावरचं भांडण नेहमी भलत्याच मैदानात खेळलं जातं. एकीकडे निसर्गवाले, दुसरीकडे 'सगळं थोतांड' म्हणणारे, आणि मधल्या मध्ये रुग्ण. वास्तविक वनस्पतींमध्ये या आजारांवर चालणारं काही असतं का, हा वाद केव्हाच निकालात निघालाय. असतं. अंगावर कोड उठल्यावर वापरली जाणारी बावची घ्या किंवा नाईलच्या काठी वाढणारी अमी माजुस. दोन्हींत सोरालेन गटातली द्रव्यं आहेत. १९४० च्या दशकात इजिप्तमध्ये अल-मोफ्ती यांनी त्यातला शुद्ध घटक कोडावर वापरून दाखवला, आणि १९७४ मध्ये तोच घटक विशिष्ट अतिनील किरणांच्या जोडीने सोरायसिसवरची रीतसर उपचारपद्धती बनला. सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन १८९४ मध्ये लंडनच्या एका डॉक्टरने ल्युपसच्या चट्ट्यांवर वापरलं होतं. त्याच मलेरियाविरोधी घराण्यातून पुढे आलेलं, प्रयोगशाळेत घडवलेलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आज ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीवर असतं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या ऑटोइम्यून आजारावरची तोंडाने घ्यायची गोळी, फिंगोलिमॉड, २०१० मध्ये अमेरिकेत मान्य झाली. तिचा आराखडा एका बुरशीतल्या द्रव्यावरून बेतलेला आहे.

तेव्हा 'वनस्पती की औषध' असं विचारण्यात अर्थ नाही. ती वनस्पती रुग्णाच्या हातात कोणत्या रूपात पडते, किती मात्रेत, आणि काही बिनसलं तर जबाबदार कोण, हे विचारायला हवं. माझं म्हणणं असं की एखाद्या वनौषधीच्या वेष्टनावर, जाहिरातीत किंवा सल्ल्यात ऑटोइम्यून आजाराचं नाव घ्यायचं असेल, तर तिने औषधाच्या सगळ्या परीक्षा द्याव्यात. निसर्गाच्या नावावर एक गुणही वाढवून मिळू नये. ही मागणी वनौषधींच्या विरोधातली वाटेल, पण त्यांची बूज राखणारी मागणी हीच आहे असं मला वाटतं.

आधी 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' या शिक्क्याचा समाचार घेऊ, कारण सगळ्यात जास्त खपतो तो हाच. आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा सांध्यांच्या अस्तरावर उलटते, टाइप वन मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर, हाशिमोटोच्या आजारात थायरॉइडवर. या माणसांची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, भलतीकडे वळलेली असते. डॉक्टर मेथोट्रेक्सेट किंवा स्टेरॉइड देऊन जी शांत करायला बघतात, तिलाच चेतवणारं चूर्ण रुग्ण घरी येऊन घेतो, आणि दोन्हीवर तितकीच श्रद्धा ठेवतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माकडांना अल्फाल्फा नावाच्या घासाचे मोड खायला घातल्यावर त्यांच्यात ल्युपससारखा आजार उभा राहिला. त्यामागे एल-कॅनाव्हनिन नावाचं अमिनो आम्ल असल्याचं दिसलं. म्हणून ल्युपसच्या रुग्णांना अल्फाल्फा टाळायला सांगतात. इचिनेशिया ही वनस्पती आणि स्पिरुलिना हे शेवाळ घेतल्यावर दबलेले त्वचेचे आणि स्नायूंचे ऑटोइम्यून आजार उफाळून आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

गुळवेलीचं उदाहरण अधिक जवळचं. करोनाच्या काळात ती घरोघर पोचली. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्या इजेचं स्वरूप प्रतिकारयंत्रणेनेच यकृतावर हल्ला केल्यासारखं होतं, आणि काहींना आधीपासून थायरॉइडसारखे ऑटोइम्यून आजार होते. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतली ती खरी गुळवेलच कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकेल. आक्षेप रास्तच आहे म्हणू. पण तो मान्य केला की काय हाती लागतं बघा. बाटलीवर गुळवेलीचं नाव आहे आणि आत कोणती वेल आहे याची खात्री द्यायला कुणी बांधील नाही, हेच ना? वनस्पतीला निर्दोष ठरवायला गेलेला हा युक्तिवाद बाजाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो.

मग 'मला गुण आला' म्हणणारे सगळे खोटं बोलतात का? मुळीच नाही. त्यांना खरंच बरं वाटलेलं असतं. अडचण या आजारांच्या चालीत आहे. ते सरळ रेषेत वाढत नाहीत. उफाळतात, ओसरतात, महिनोन्महिने गप्प बसतात, पुन्हा डोकं वर काढतात. चाई पडलेल्या जागी पुष्कळदा काहीही न करता केस उगवतात. ग्रेव्हजचा थायरॉइड काहींचा आपोआप निवळतो. माणूस नवा उपाय शोधायला निघतो तो आजार ऐन भरात असताना, म्हणजे जेव्हा त्यानंतर उतार पडण्याचीच शक्यता जास्त असते तेव्हा. मग उतार पडतो आणि श्रेय जातं शेवटी घेतलेल्या काढ्याला. ज्यांना गुण आला नाही ते गप्प बसतात किंवा दुसऱ्या उपायाकडे वळतात. त्यांचे अनुभव कुणी छापत नाही.

या चालीचा सर्वांत जीवघेणा नमुना टाइप वन मधुमेहात दिसतो. निदान होऊन इन्सुलिन सुरू झालं की स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशींना थोडी उसंत मिळते आणि त्या पुन्हा काम करू लागतात. काही आठवडे, कधी काही महिने, मुलाची इन्सुलिनची गरज घटत जाते. क्वचित नगण्य होते. डॉक्टर याला हनीमूनचा काळ म्हणतात. नेमक्या याच काळात कुणी आयुष्यभराच्या इन्सुलिनमधून सोडवणारी मुळी सुचवली, तर ती शंभर टक्के लागू पडल्यासारखी दिसणार. रोज साखर मोजणारे, वहीत आकडे लिहिणारे आईवडीलसुद्धा फसतील, कारण आकडे खरे असतात. हनीमून संपतो तेव्हा इन्सुलिन बंद केलेलं असेल, तर मूल किटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होऊन, उलट्या करत आणि धापा टाकत, अतिदक्षता विभागात पोचतं. इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्या माणसाला, मग तो कोणत्याही पॅथीचा असो, सल्लागार म्हणणं मला जमत नाही. त्याच्यावर गुन्हा दाखल व्हायला हवा.

आमवातात धोका एवढा नाट्यमय नसतो, म्हणून जास्त फसवा असतो. दुखणं आणि सांधा झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेदना कमी करणारे उपाय पुष्कळ. त्यात काही वनस्पतीही येतात. पण हाडाला पडणारी खाच वेदनेला विचारून पडत नाही, आणि आजाराच्या पहिल्या एक-दोन वर्षांत झालेलं नुकसान नंतरच्या कोणत्याही औषधाने भरून निघत नाही. 'आधी सहा महिने हे करून बघू, नाहीच जमलं तर डॉक्टर आहेतच' हा हिशेब शहाणपणाचा वाटतो खरा, पण त्या सहा महिन्यांची किंमत बोटांनी मोजावी लागते, आणि तीही अक्षरशः.

आता दुसरी बाजू. जी वनौषधी खरोखर चालते, तिचं काय होतं?

चीनमध्ये लेइ गोंग तेंग नावाची वेल आहे. वनस्पतिशास्त्रात ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी. तिचा पाला, फुलं, मुळाची साल विषारी. औषधासाठी साल सोलून मुळाचा आतला गाभा घेतात. १९६० च्या दशकापासून चिनी डॉक्टर ती आमवातावर देऊ लागले. अमेरिकेत तिच्या अर्काची सल्फासॅलॅझीन या प्रस्थापित औषधाशी तुलना झाली आणि निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले: १२१ रुग्ण, २४ आठवडे. मधेच सोडून जाणारे दोन्ही गटांत पुष्कळ होते, पण टिकले त्यांच्यात वेलीच्या अर्काने गुण आलेल्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. २०१४ मध्ये चीनमधल्या २०७ रुग्णांच्या चाचणीत ती थेट मेथोट्रेक्सेटसमोर उभी राहिली. ठरलेल्या मोजपट्टीवर निम्म्याने तरी सुधारणा झालेले रुग्ण मेथोट्रेक्सेटच्या गटात ४६ टक्के, वेलीच्या गटात ५५ टक्के, आणि दोन्ही एकत्र दिलेल्यांत ७७ टक्के. एखाद्या वनस्पतीने आधुनिक औषधाच्या बरोबरीने खुर्ची मिळवावी, अशी ही कामगिरी आहे.

आणि तरीही ही वेल कुणाच्या घरच्या डब्यात असू नये. १९८० च्या दशकात चिनी डॉक्टरांच्याच लक्षात आलं की ती घेणाऱ्या पुरुषांचे शुक्रजंतू घटतात, हालचाल मंदावते. इतकं ठळकपणे, की पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तिच्यावर संशोधन सुरू झालं. स्त्रियांची पाळी बंद होऊ शकते, आणि दीर्घ वापरानंतर ती परत येईलच असं नाही. पुढे हाडं ठिसूळ होतात. आमवात आणि ल्युपस हे मुख्यतः बायकांचे आजार, त्यातही ल्युपस तर ऐन तारुण्यात गाठणारा. म्हणजे जिला मूल हवं आहे अशी तिशीतली बाई 'स्टेरॉइडचे दुष्परिणाम नकोत' म्हणून या वेलीकडे वळली, तर ती काय देऊन काय घेते आहे हे तिला कोण सांगणार? डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध असतं तर ते सांगणं कुणावर तरी बंधनकारक असतं. दुकानातल्या मांडणीवरची बाटली तसं काही सांगत नाही.

निळीची गोष्ट अगदी अशीच, फक्त जास्त बोलकी. नीळ ज्या पानांपासून काढतात, त्यांच्यापासून चीनमध्ये चिंग दाई नावाची निळी पूड बनवतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसवर तिचा उपयोग होतो असा बोलबाला जपानमध्ये झाला आणि रुग्ण ती स्वतःच विकत घेऊन घेऊ लागले. कोलायटिस म्हणजे दिवसाला दहा-दहा वेळा रक्त पडत शौचाला धावणं. तेव्हा त्यांच्या घाईला मी नावं ठेवणार नाही. जपानी संशोधकांनी रीतसर चाचणी लावली, ८६ रुग्णांवर, आठ आठवड्यांची. पोकळ कॅप्सूल घेणाऱ्यांत १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना गुण आला, निळीच्या वेगवेगळ्या मात्रा घेणाऱ्यांत ७० ते ८१ टक्क्यांना. असे आकडे महागड्या नव्या इंजेक्शनांनाही क्वचित मिळतात. पण ही चाचणी अर्ध्यातच थांबवावी लागली. कारण बाहेर, स्वतःहून नीळ घेणाऱ्यांमध्ये, फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब धोकादायक वाढल्याचं आढळलं होतं, आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाला इशारा द्यावा लागला. बहुतेकांचा दाब नीळ बंद केल्यावर उतरला. गुण देणारी वनस्पती आणि घात करणारी वनस्पती एकच होती, आणि घात कळला तो कुणीतरी मोजत होतं, नोंदत होतं, एकमेकांना कळवत होतं म्हणून.

हळदीतल्या कर्क्युमिनकडे थोडक्यात पाहू, कारण त्यावर लिहिलं गेलंय ते गरजेपेक्षा जास्तच. सौम्य ते मध्यम कोलायटिस असलेल्या ५० रुग्णांवरच्या २०१५ च्या चाचणीत मेसालामीन या नेहमीच्या औषधाच्या जोडीला रोज तीन ग्रॅम कर्क्युमिन दिल्यावर महिन्याभरात निम्म्याहून अधिकांचा आजार शांत झाला. पोकळ कॅप्सूल घेणाऱ्यांत एकाचाही नाही. २०१७ मध्ये दिवसाला ४५० मिलिग्रॅमची चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात काहीच फरक दिसला नाही. एवढ्यावरून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक, ते मुख्य औषधाच्या जोडीला दिलं होतं, त्याच्या जागी नाही. दुसरं, मात्रा. 'थोडं घेतलं तर अपाय नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा थोडं घेतलं तर उपायही नाही हे विसरतो. आणि मात्रा चढवली, शोषण वाढवायला मिऱ्यातलं पायपरीन घातलं, की गणित बदलतं: अमेरिकेतल्या यकृत-इजा नोंदवणाऱ्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या कॅप्सूलशी निगडित दहा रुग्ण मांडले, त्यांतला एक दगावला. त्यांतल्या बहुतेकांमध्ये एकच विशिष्ट जनुकप्रकार सापडला. करोडो लोक हळद पचवतात ते खरं, पण त्या दहांना ती पचली नाही हेही खरं.

इथे हमखास एक आक्षेप येतो: हजारो वर्षांच्या अनुभवाला काहीच किंमत नाही का? आहे. मात्र कोणता अनुभव काय टिपू शकतो, याला मर्यादा असतात. एखादी मुळी खाऊन माणूस संध्याकाळी ओकला, तर गाव ते पिढ्यानपिढ्या लक्षात ठेवतं. लेप लावल्यावर दोन दिवसांत सूज उतरली, तर तेही. पण आज घेतलेल्या औषधाने मूत्रपिंड पाच वर्षांनी निकामी झालं, किंवा पंधरा वर्षांनी मूत्रमार्गाचा कर्करोग झाला, तर हा धागा परंपरेच्या हाती लागत नाही; तोवर वैद्य आणि रुग्ण दोघंही दुसरीकडे गेलेले असतात. ॲरिस्टोलोकिया ही वनस्पती युरोपात ग्रीक काळापासून वापरात होती, चीनमध्येही. ती मूत्रपिंडं खाते हे विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत फारसं कुणाच्या ध्यानात आलं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या वजन घटवण्याच्या एका केंद्रातल्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी नामसाधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया गेली. शंभराच्या वर बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, अनेकींना पुढे कर्करोग झाला. सगळ्या जणी एकाच ठिकाणच्या, एकाच वेळच्या, म्हणून डॉक्टरांना दुवा सापडला. एक इथे, एक तिथे अशा विखुरलेल्या असत्या तर सापडला नसता.

ऑटोइम्यून आजार तर मुळात संथ आहेत, आणि त्यांच्यावरची औषधं वर्षानुवर्षं घ्यायची. परंपरेचा डोळा जिथे सर्वांत कमजोर, नेमकं तेच हे क्षेत्र. शिवाय शरीर स्वतःवरच उलटू शकतं ही कल्पना वैद्यकशास्त्रात रुजली तीही १९५६ च्या सुमाराला, हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली तेव्हा. जुन्या वैद्यांनी सांधे सुजलेले पाहिले होते, चट्टे पाहिले होते. काहींची वर्णनं थक्क करणारी आहेत. पण एकाच ल्युपसने आलेला सांध्यांचा त्रास आणि मूत्रपिंडाची सूज त्यांनी एका नावाखाली पाहणं शक्य नव्हतं. तो त्यांचा दोष नाही.

भेसळीबद्दल मात्र संयम सुटतो. झाडपाल्याने रात्रीत सांधे मोकळे झाले असं कुणी सांगितलं की माझ्या मनात पहिली शंका येते ती डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आर्ट्री किंग नावाच्या सांधेदुखीवरच्या पूरक उत्पादनांबद्दल लागोपाठ इशारे दिले. प्रयोगशाळेत त्यांत डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडलं होतं, वेष्टनावर दोहोंचा उल्लेख नव्हता. हे एकटं उदाहरण नव्हे. सांधेदुखीच्या 'हर्बल' गोळ्यांत लपवलेली स्टेरॉइडं अनेक देशांत वारंवार सापडली आहेत. स्टेरॉइड टाळायला गेलेला माणूस स्टेरॉइडच घेत राहतो, फक्त किती ते त्याला ठाऊक नसतं, आणि ते हळूहळू उतरवावं लागतं हे सांगायला कुणी नसतं. बाहेरून येणाऱ्या स्टेरॉइडमुळे मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात. डबा संपला, पुढचा आणायला जमलं नाही, की चौथ्या दिवशी माणूस रक्तदाब ढासळून कोसळतो. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरला वाटतं, हा तर स्टेरॉइड घेत नव्हता!

इथवर वाचून डॉक्टर मंडळी खूश झाली असतील, तर त्यांच्याकडेही वळू या. रुग्ण झाडपाल्याकडे जातो तो फार मूर्ख असतो म्हणून नाही. निदानालाच कित्येकदा वर्षं लागलेली असतात. 'टेन्शन घेऊ नका' हे त्याने तीन-चार डॉक्टरांकडून ऐकलेलं असतं. शेवटी नाव कळतं ते आजाराचं आणि त्याच्या जोडीला 'आयुष्यभर' या शब्दाचं. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, मेथोट्रेक्सेट घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं, आणि सगळ्यांत छळणारा जो थकवा, त्याला रिपोर्टमध्ये रकानाच नसतो. अशा माणसाला एखादा वैद्य तासभर बसवून झोपेबद्दल, पोटाबद्दल, मनाबद्दल विचारतो, तेव्हा निम्मा गुण तिथेच येतो. आधुनिक वैद्यकाने ही जागा रिकामी ठेवली आणि मग ती दुसऱ्याने भरली म्हणून तक्रार केली.

त्या रिकाम्या जागेचा परिणाम तपासणीच्या खोलीत दिसतो. आमवाताच्या एक बाई, मेथोट्रेक्सेटवर वर्षभर उत्तम. या वेळच्या रिपोर्टमध्ये यकृताचं एन्झाइम तिपटीवर गेलेलं. डॉक्टर विचारतात, "दुसरं काही घेता का?" बाई म्हणतात, "नाही." पिशवीत चूर्णाची बाटली आहे, पण गेल्या खेपेला शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला याच प्रश्नाच्या खऱ्या उत्तराबद्दल काय बोलणी बसली, ते त्यांनी ऐकलंय. डॉक्टर मेथोट्रेक्सेट थांबवतात. त्यांच्यापुढच्या माहितीवरून तेच बरोबर. चूर्ण चालू राहतं. दोन महिन्यांनी एन्झाइम तसंच आणि हाताची बोटं पुन्हा सुजलेली. कामाचं औषध गेलं, उपद्रवी राहिलं, आणि दोघांपैकी कुणीही बेजबाबदार वागलं नव्हतं. सेंट जॉन्स वर्ट या नैराश्यावरच्या वनस्पतीने सायक्लोस्पोरिन या प्रतिकारयंत्रणा दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी घसरून प्रत्यारोपित अवयव धोक्यात आल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. तिथेही बहुतेकदा कुणी विचारलं नव्हतं किंवा कुणी सांगितलं नव्हतं. 'काही घेता का' असं दरडावून विचारण्यापेक्षा 'बहुतेक जण काही ना काही घेतात, तुम्ही काय घेता' असं विचारायला वेळ जास्त लागत नाही.

कायद्याकडे येतो. युरोपीय संघाचा २००४ चा पारंपरिक वनौषधींबाबतचा निर्देश मला या बाबतीत प्रामाणिक वाटतो. किमान ३० वर्षांचा वापर, त्यातली १५ वर्षं संघातल्या देशांमध्ये, एवढं दाखवलं की क्लिनिकल चाचण्यांशिवाय नोंदणी मिळते. पण फक्त डॉक्टरच्या देखरेखीशिवाय हाताळता येतील अशाच तक्रारींसाठी. सर्दी, अपचन, निद्रानाश यांच्यासाठी परंपरेची साक्ष पुरे. ल्युपससाठी नाही. अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने उलट केलं: वनस्पतींना आहारपूरक मानून बाजारात येण्याआधीच्या मंजुरीतून मोकळं सोडलं, 'आजार बरा होतो' एवढं फक्त छापू नका म्हटलं. मग 'सांध्यांच्या आरोग्यासाठी', 'प्रतिकारशक्तीच्या संतुलनासाठी' अशी भाषा जन्माला आली. ती वाचणाऱ्या आमवाताच्या रुग्णाला नेमकं काय समजतं, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं.

युरोपच्या नियमाला एक उणी बाजू आहे आणि ती मान्य केली पाहिजे. गंभीर आजारासाठी पूर्ण चाचण्या मागितल्या की खर्चाचा प्रश्न येतो. वेलीवर किंवा निळीवर एकस्व (पेटंट) मिळत नाही, म्हणून कुठलीही कंपनी हजार रुग्णांच्या चाचणीत पैसा घालणार नाही. विकणारे तर नाहीच नाही. चाचणीविना माल खपत असताना ते ती करतील कशाला? त्यामुळे अर्धवट पुराव्यावर आपण कायमचे अडकतो: ५० रुग्णांची चाचणी, ८६ रुग्णांची अर्ध्यात थांबलेली चाचणी, आणि पुढे काही नाही. हा पैसा सार्वजनिक तिजोरीतूनच यायला हवा, आणि वनौषधींच्या विक्रीवर त्यासाठी वेगळा अधिभार लावायला माझी हरकत नाही. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या सरकारांनी सोहळ्यांवरचा खर्च इकडे वळवला तर आणखी उत्तम.

तोवर आज आजारी असलेल्याने काय करायचं? चाचण्या होईपर्यंत हात बांधून बसा, असं सांगणं मला क्रूर वाटतं. मुख्य औषध चालू ठेवून, डॉक्टरला सांगून, एका वेळी एकच वनौषधी, घटक आणि मात्रा छापलेली. सुरू करण्याआधी यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी, महिना-दीड महिन्याने पुन्हा. तीन महिन्यांत काय सुधारलं तर चालू ठेवायचं, हे सुरू करतानाच लिहून ठेवायचं: सकाळचा ताठरपणा किती मिनिटं, शौचाला किती वेळा, रक्तातला सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारा आकडा, किती. मूल हवं असेल, पोटात असेल किंवा अंगावर पीत असेल, तर काहीही नको. आणि घटकांची यादी न छापलेली पुडी कुणीही दिली, कितीही प्रेमाने दिली, तरी घ्यायची नाही.